दूरच्या सर्व्हरवरच्या डेटाबेसला प्रोग्राम जोडताना

प्रोग्राम आणि डेटाबेस एकाच मशीनवर असले की कनेक्शन हा विषय मनातही येत नाही. डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर गेला की कोडमध्ये बदलते ती एक ओळ: लोकलहोस्टच्या (म्हणजे 'हेच मशीन') जागी सर्व्हरचा पत्ता. पण त्या एका ओळीमुळे बऱ्याच गोष्टी नव्याने मध्ये येतात. नावावरून आयपी पत्ता सापडायला हवा, वाटेतल्या फायरवॉलनी (नको ती वाहतूक अडवणाऱ्या पहारेकऱ्यांनी) सोडायला हवं, डेटाबेस त्या पत्त्यावर ऐकत असायला हवा, या यूजरने या मशीनवरून यावं असं त्याच्या नियमांत असायला हवं, एन्क्रिप्शनवर दोन्ही बाजूंचं जुळायला हवं आणि सगळ्यात शेवटी पासवर्ड बरोबर हवा. यातलं काहीही चुकलं तरी वरवर बघणाऱ्याला दिसतं एवढंच, की कनेक्शन झालं नाही.

म्हणून या कामात माझा एकच आग्रह असतो: खालच्या थरापासून वर या, एका वेळी एकच थर तपासा आणि कोडला शेवटी हात लावा. पासवर्ड, कॉन्फिग, फायरवॉल आणि कोड एकदमच बदलून बघितलं तर कधी कधी कनेक्शन होतंही, पण ते कशामुळे झालं हे कळत नाही, आणि घाईत उघडलेल्या वाटा तशाच उघड्या राहतात.

खालचं विवेचन पोस्टग्रेस हा डेटाबेस धरून केलं आहे. मायएस्क्यूएल हा दुसरा डेटाबेस जिथे वेगळं वागतो तिथे तसं सांगितलं आहे. सर्व्हर लिनक्सवर आणि प्रोग्राम पायथनमध्ये आहे असं धरू. कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची.

आधी रस्ता ठरवा

डेटाबेसपर्यंत पोचायचे मुख्य मार्ग तीन. पहिला, खासगी नेटवर्क: प्रोग्रामचा सर्व्हर आणि डेटाबेसचा सर्व्हर एकाच अंतर्गत नेटवर्कवर असतात आणि एकमेकांशी १०.०.०.५ किंवा १९२.१६८.१.२० अशा खासगी पत्त्यांवर बोलतात. दोन्ही सर्व्हर एकाच होस्टिंग कंपनीकडे असतील तर हाच मार्ग घ्या. दुसरा, एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) वापरून टनेल किंवा व्हीपीएन (इंटरनेटवरूनच जाणारं एन्क्रिप्टेड खासगी नेटवर्क): डेटाबेस बाहेरून दिसतच नाही, फक्त एसएसएच किंवा व्हीपीएनमधून आत शिरता येतं. स्वतःच्या लॅपटॉपवरून काम करायला हा उत्तम. तिसरा, डेटाबेसचा पोर्ट (मशीनवरच्या त्या सेवेचं क्रमांकाचं दार) इंटरनेटवर उघडणं. हा मार्ग दुसरा इलाजच नसेल तेव्हा घ्यावा, आणि तोही ठरावीक पत्त्यांपुरता व टीएलएसची (कनेक्शन एन्क्रिप्ट करणारी पद्धत, जुनं नाव एसएसएल) सक्ती करून.

तिसऱ्या मार्गाबद्दल मी इतकं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. २०१७ च्या सुरुवातीला इंटरनेटवर उघडे आणि पासवर्डविना चालणारे हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि त्यांच्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. त्यासाठी कुठली अवघड तोडफोड करावी लागली नव्हती. २७०१७ हा नेहमीचा पोर्ट इंटरनेटभर शोधत फिरणारे प्रोग्राम पुरेसे होते. पोस्टग्रेसचा ५४३२, मायएस्क्यूएलचा ३३०६, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३ आणि रेडिसचा ६३७९ हेही असेच अखंड चाचपले जातात. पोर्टचा आकडा बदलून हे टळत नाही, फार तर लॉगमधला गोंगाट कमी होतो.

डेटाबेस ऐकतोय का, आणि कुठे

डेटाबेसच्या सर्व्हरवर लॉगिन करा आणि एसएस ही कमांड एल, टी, एन हे पर्याय जोडून चालवा. कुठला पोर्ट कुठल्या पत्त्यावर ऐकतोय याची यादी येते. ५४३२ च्या ओळीत १२७.०.०.१ दिसत असेल तर डेटाबेस फक्त स्वतःच्या मशीनवरून येणाऱ्यांचंच ऐकतोय. बाहेरच्या प्रोग्रामने कितीही प्रयत्न केले तरी इथे काही होणार नाही.

पोस्टग्रेसमध्ये हे सेटिंग पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फ या फाइलमध्ये लिसन_ॲड्रेसेस नावाने असतं आणि मुळात त्याची किंमत लोकलहोस्ट असते. फाइल नेमकी कुठे आहे हे शोधत बसू नका. डेटाबेसमध्ये शिरून 'शो कॉन्फिग_फाइल' असं विचारा, तोच सांगतो. पुष्कळ लेखांत इथे सरळ तारांकन टाका म्हणून सांगतात, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर ऐक. तसं करू नका. लोकलहोस्ट आणि सर्व्हरचा खासगी पत्ता, उदाहरणार्थ १०.०.०.५, असे दोनच पत्ते स्वल्पविरामाने लिहा. मग पुढे कधी फायरवॉलमध्ये चूक झाली तरी सार्वजनिक पत्त्यावर डेटाबेस ऐकतच नसतो. हे सेटिंग बदलल्यावर सेवा रीस्टार्ट करावी लागते, नुसतं रीलोड करून चालत नाही.

मायएस्क्यूएलमध्ये याच कामाचं सेटिंग बाइंड-ॲड्रेस. उबुंटूवर ते बहुधा १२७.०.०.१ असतं. इथे आणखी एक गोम आहे. मायएस्क्यूएलच्या क्लायंटला लिनक्सवर होस्ट म्हणून लोकलहोस्ट दिलं तर तो नेटवर्कवरून जातच नाही, मशीनवरच्या सॉकेट फाइलमधून जातो. म्हणून 'सर्व्हरवर बसून तर चालतंय' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. सर्व्हरवर बसूनच, पण होस्ट म्हणून त्याचा खासगी पत्ता देऊन, एकदा जोडून बघा. ते जमलं की हा थर पार पडला.

फायरवॉल

फायरवॉल बहुतेक वेळा दोन असतात: एक सर्व्हरवरची, दुसरी होस्टिंग कंपनीच्या नियंत्रण पॅनलमधली, जिला बऱ्याच ठिकाणी सिक्युरिटी ग्रुप म्हणतात. दोन्हीकडे परवानगी लागते. नियम लिहिताना पोर्ट उघडायचा तो सगळ्यांसाठी नाही, फक्त प्रोग्रामच्या सर्व्हरच्या पत्त्यासाठी. यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलच्या साधनात हे सहज लिहिता येतं: अमुक पत्त्याकडून ५४३२ या टीसीपी पोर्टला येऊ द्या.

डेटाबेस डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) चालवत असाल तर इथे थांबा. डॉकरने कंटेनरचा पोर्ट बाहेर काढला की तो स्वतःच आयपीटेबल्सचे, म्हणजे लिनक्सच्या खालच्या पातळीवरच्या फायरवॉलचे, नियम लिहितो आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. यूएफडब्ल्यूच्या यादीत पोर्ट बंद दिसतो आणि प्रत्यक्षात जगासाठी उघडा असतो. पोर्ट जोडताना ५४३२:५४३२ एवढंच न लिहिता त्याच्या आधी पत्ताही लिहा, १२७.०.०.१ किंवा १०.०.०.५. मग तो त्या पत्त्यापुरताच राहतो.

प्रोग्रामसाठी वेगळा यूजर

पोस्टग्रेस किंवा रूट या मालक खात्याने प्रोग्राम जोडू नका. प्रोग्राममध्ये एक भोक सापडलं की मालक खात्याने सगळा डेटाबेस, आणि बऱ्याचदा सर्व्हरही, समोरच्याच्या हातात जातो. वेगळा यूजर बनवा आणि त्याला लागेल तेवढंच द्या.

पासवर्ड ठेवताना पीएसक्यूएलमधली (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन क्लायंटमधली) बॅकस्लॅश-पासवर्ड ही कमांड वापरा. एसक्यूएलच्या वाक्यात पासवर्ड लिहिला तर तो कमांडच्या इतिहासात आणि कधी कधी लॉगमध्ये उघडा उमटतो. या कमांडने तो आधीच हॅश होऊन (मूळ पासवर्ड दिसणार नाही अशा रूपात) जातो.

परवानग्यांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर. टेबल वाचायचं तर नुसती टेबलवर सिलेक्टची परवानगी पुरत नाही. ज्या स्कीमामध्ये (टेबलांच्या गटात) टेबल आहे त्या स्कीमावर यूसेजही लागते. सीरियल प्रकारचा (आपोआप वाढत्या क्रमांकाचा) कॉलम असेल आणि त्यात नवीन नोंद घालायची असेल, तर त्याला क्रमांक पुरवणाऱ्या सीक्वेन्सवरही यूसेज हवी, नाहीतर वाचता येतं पण इन्सर्ट अडतो. आणि 'स्कीमामधल्या सगळ्या टेबलांवर परवानगी' हे वाक्य त्या क्षणी असलेल्या टेबलांपुरतंच असतं. उद्या बनलेलं टेबल त्यात येत नाही. त्यासाठी ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस आहे, पण तेही ज्या रोलच्या (म्हणजे यूजरच्या) नावाने लिहिलं त्याने बनवलेल्या टेबलांनाच लागू होतं. म्हणजे टेबलं मायग्रेशनचा (टेबलांची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टचा) यूजर बनवत असेल तर त्याचं नाव 'फॉर रोल' म्हणून द्यावं लागतं. नवीन आवृत्ती चढवल्यावर एकाच टेबलवर परवानगी नाकारली जाते, बाकी सगळं सुरळीत चालतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

मायग्रेशन चालवणारा यूजर वेगळा आणि रोजचं काम करणारा वेगळा ठेवलात तर उत्तम. रोजच्या यूजरला टेबल टाकून देता येऊ नये.

आता कोणी कुठून यावं याचे नियम. पोस्टग्रेसमध्ये ते पीजी_एचबीए.कॉन्फ या फाइलमध्ये असतात आणि एक ओळ म्हणजे एक नियम. आपल्याला हवी ती ओळ पाच भागांची: होस्टएसएसएल, मग डेटाबेसचं नाव, यूजरचं नाव, प्रोग्रामच्या सर्व्हरचा पत्ता १०.०.०.८/३२, आणि शेवटी पासवर्ड तपासायची पद्धत, स्क्रॅम-एसएचए-२५६. होस्टएसएसएल म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय आलेल्याला हा नियम लागूच होत नाही. अर्थात सर्व्हरवर एसएसएल चालू असायला हवं. ३२ म्हणजे नेमका एकच पत्ता.

ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळलेली पहिलीच ओळ अंतिम ठरते. त्या ओळीप्रमाणे पासवर्ड चुकला तर पुढची ओळ बघितली जात नाही. म्हणून नवीन ओळ फाइलच्या तळाशी टाकली आणि वर कुठेतरी त्याच पत्त्यांना नाकारणारी ओळ असली, तर तुमची ओळ असून नसल्यासारखी. या फाइलमधल्या बदलासाठी रीलोड पुरतं.

स्क्रॅम पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून आहे आणि १४ व्या आवृत्तीपासून नवे पासवर्ड आपोआप त्याच पद्धतीने साठवले जातात. जुन्या सर्व्हरवरून आणलेल्या यूजरचा पासवर्ड एमडी५ पद्धतीने साठवलेला असू शकतो. तसं असेल तर स्क्रॅमची ओळ लिहिल्यावर बरोबर पासवर्डही नाकारला जातो. पासवर्ड पुन्हा एकदा ठेवला की प्रश्न सुटतो.

मायएस्क्यूएलमध्ये अशी वेगळी फाइल नसते. यूजरच्या नावातच त्याचं मशीन असतं. लोकलहोस्टवरचा 'ॲप' नावाचा यूजर आणि १०.०.०.८ वरचा 'ॲप' ही दोन वेगळी खाती, दोघांचे पासवर्ड आणि परवानग्याही वेगळ्या. एकाचा पासवर्ड बदलून दुसऱ्याने जोडायला गेलं की डोकं चक्रावून जातं. मशीनच्या जागी टक्केवारीचं चिन्ह लिहिलं की कुठूनही या असा अर्थ होतो, ते टाळा.

कोड न लिहिता तपासा

आता प्रोग्रामच्या सर्व्हरवर या. अजून पायथन उघडायचं नाही.

पिंग करून बघण्याची सवय असते, पण पिंगवरून इथे फारसं काही कळत नाही. पिंगला उत्तर न देणारा सर्व्हर डेटाबेससाठी व्यवस्थित चालू असू शकतो, आणि पिंगला उत्तर देणाऱ्या सर्व्हरचा ५४३२ बंद असू शकतो. त्यापेक्षा एनसी कमांड व्ही आणि झेड हे पर्याय देऊन, पुढे सर्व्हरचं नाव आणि पोर्ट लिहून चालवा. विंडोजवर हेच काम पॉवरशेलमधलं टेस्ट-नेटकनेक्शन करतं.

उत्तर तीनपैकी एक येतं आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. नावच सापडलं नाही, तर गडबड डीएनएसची (नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची) आहे किंवा नाव लिहिताना चूक झाली आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच आलं, तर तुमचं म्हणणं समोरच्या मशीनपर्यंत पोचलं आणि तिथून नकार आला. बहुधा त्या पत्त्यावर त्या पोर्टला कोणी ऐकत नाहीये, म्हणून लिसन_ॲड्रेसेसकडे परत जा. काहीच न होता वेळ जात राहिला आणि शेवटी टाइमआउट झाला, तर वाटेतल्या फायरवॉलने डेटाची पाकिटं गिळली आहेत किंवा पत्ताच चुकलाय. लगेच नकार आणि उशिरा टाइमआउट यांतला हा फरक नीट लक्षात ठेवा. तो कळला की शोधाची निम्मी जागा आपोआप बाद होते.

पोर्ट उघडा दिसला की पीएसक्यूएलने जोडा, तोच यूजर, तोच पासवर्ड, तोच डेटाबेस देऊन. इथून पुढचे संदेश डेटाबेसकडून येतात आणि ते बऱ्यापैकी स्पष्ट असतात. 'पीजी_एचबीएमध्ये नोंद नाही' असं आलं तर त्याच संदेशात तुमचा पत्ता, यूजर, डेटाबेस आणि एन्क्रिप्शन होतं की नव्हतं हे सगळं दिलेलं असतं. तो पत्ता नीट वाचा. तुम्हाला वाटत होता त्यापेक्षा वेगळा निघू शकतो, कारण मध्ये नॅट (आतला पत्ता बदलून पुढे पाठवणारी यंत्रणा) असेल तर डेटाबेसला नॅटचा पत्ता दिसतो. कधी तिथे आयपीव्ही६ चा लांबलचक पत्ता दिसतो आणि तुमचा नियम फक्त आयपीव्ही४ साठी असतो.

'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' हा संदेश मात्र जरा आडवा आहे. यूजर अस्तित्वातच नसला तरी पोस्टग्रेस हेच सांगतो, म्हणजे बाहेरच्याला यूजरची नावं ताडून बघता येऊ नयेत. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. दुसऱ्या खिडकीत लॉग उघडा ठेवून काम करा, बराच वेळ वाचतो. मायएस्क्यूएलमध्ये २००३ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही, ११३० म्हणजे या मशीनवरून कोणालाच परवानगी नाही, आणि १०४५ म्हणजे यूजर किंवा पासवर्ड जुळला नाही.

पीएसक्यूएल जोडलं गेलं की खालचे सगळे थर ठीक आहेत. यानंतर प्रोग्राम अडला तर दोष प्रोग्राममध्येच शोधायचा.

लॅपटॉपवरून जोडायचं असेल तर टनेल

डेटाबेसच्या सर्व्हरवर तुमचं एसएसएच चालत असेल तर बाकी काहीही उघडावं लागत नाही. एसएसएच कमांडला कॅपिटल एन आणि कॅपिटल एल हे पर्याय द्या. एलनंतर तीन गोष्टी कोलनने जोडून लिहा: ५४३३, मग लोकलहोस्ट, मग ५४३२. शेवटी नेहमीप्रमाणे यूजर आणि सर्व्हर. आता तुमच्या लॅपटॉपचा ५४३३ हा सर्व्हरवरच्या ५४३२ ला जोडलेला आहे. प्रोग्रामला होस्ट १२७.०.०.१ आणि पोर्ट ५४३३ द्या. ५४३३ अशासाठी, की लॅपटॉपवर स्वतःचा पोस्टग्रेस चालू असला तर ५४३२ त्याने आधीच धरलेला असतो.

एलनंतरचं मधलं लोकलहोस्ट हे सर्व्हरच्या नजरेतून आहे, लॅपटॉपच्या नव्हे. डेटाबेस आणखी आतल्या मशीनवर असेल आणि एसएसएच फक्त बाहेरच्या मशीनवर चालत असेल, तर त्या जागी आतल्या मशीनचा खासगी पत्ता लिहायचा. थोडा वेळ काम थांबलं की टनेल तुटत असेल तर सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल हा पर्याय ३० किंवा ६० सेकंद ठेवा.

प्रत्यक्ष चालणाऱ्या सेवेसाठी मी टनेलवर विसंबणार नाही. तो तुटला की पुन्हा उभा करणारी यंत्रणा लागते. तिथे खासगी नेटवर्क किंवा व्हीपीएन बरं.

टीएलएस: चालू असणं आणि तपासणं

पोस्टग्रेसच्या क्लायंटमध्ये एसएसएलमोड नावाचं सेटिंग असतं. काही सांगितलं नाही तर त्याची किंमत प्रिफर धरली जाते: जमलं तर एन्क्रिप्शन, नाही जमलं तर तसंच उघड्यावर. म्हणजे सर्व्हरवर कोणी एसएसएल बंद केलं तर तुमचा डेटा मुकाट्याने उघडा वाहू लागेल. दूरच्या सर्व्हरसाठी हे चालणार नाही.

रिक्वायर लिहिलं की एन्क्रिप्शन सक्तीचं होतं, पण समोरचा सर्व्हर खरा आहे का हे बघितलं जात नाही. मध्ये बसलेल्या कोणीतरी आपलंच सर्टिफिकेट पुढे केलं तरी प्रोग्राम निमूटपणे जोडला जातो. व्हेरिफाय-सीए सर्टिफिकेट विश्वासातल्या संस्थेने दिलं आहे का ते बघतं, आणि व्हेरिफाय-फुल त्याशिवाय सर्टिफिकेटवरचं नाव आणि तुम्ही दिलेलं होस्टचं नाव जुळतं का तेही बघतं. नेटवर्क पूर्णपणे आपल्या ताब्यात नसेल तर व्हेरिफाय-फुलच वापरा. त्यासाठी मूळ सर्टिफिकेटची फाइल एसएसएलरूटसर्ट या सेटिंगमध्ये द्यावी लागते. तयार डेटाबेस सेवा देणाऱ्या कंपन्या ती डाउनलोडसाठी ठेवतात. होस्ट म्हणून आयपी पत्ता लिहिला आणि सर्टिफिकेट नावासाठी असलं तर व्हेरिफाय-फुल नाकारणारच. अशा वेळी व्हेरिफाय सैल करू नका, कनेक्शनमध्ये नाव लिहा.

मायएस्क्यूएलच्या क्लायंटमध्ये याच पायऱ्यांना प्रिफर्ड, रिक्वायर्ड, व्हेरिफाय_सीए आणि व्हेरिफाय_आयडेंटिटी म्हणतात.

आता कोड

पायथनसाठी पोस्टग्रेसला जोडणाऱ्या सायकोपीजी या लायब्ररीची तिसरी आवृत्ती घ्या. कनेक्शनची माहिती दोन तऱ्हांनी देता येते: होस्ट, पोर्ट, डेटाबेस, यूजर, पासवर्ड असं वेगवेगळं, किंवा सगळं एका यूआरएलमध्ये. यूआरएलमध्ये एक खाच आहे. पासवर्डमध्ये ॲट, कोलन, स्लॅश किंवा हॅश ही चिन्हं असतील तर यूआरएल भलत्याच जागी तुटू शकतं, आणि प्रोग्राम पासवर्डच्या शेपटाला होस्टचं नाव समजून शोधत बसतो. अशी चिन्हं टक्केवारीच्या रूपात लिहावी लागतात. ॲटच्या जागी टक्केवारीचं चिन्ह आणि ४०. पासवर्ड वेगळा दिला तर ही भानगडच राहत नाही.

पासवर्ड कोडमध्ये लिहायचा नाही. तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून किंवा सीक्रेट सांभाळणाऱ्या सेवेतून यावा. फाइलमध्ये ठेवत असाल तर ती फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) हवी आणि ती फक्त प्रोग्रामच्या खात्यालाच वाचता यावी. पासवर्ड एकदा गिटमध्ये गेला की पुढच्या कमिटमध्ये काढून उपयोग नसतो, इतिहासात तो राहतोच. अशा वेळी इतिहास साफ करण्याआधी पासवर्ड बदला.

दोन टाइमआउट पहिल्या दिवसापासून ठेवा. कनेक्ट_टाइमआउट दिला नाही तर पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी स्वतःहून कधीच थांबत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम कंटाळेपर्यंत प्रोग्राम लटकून राहतो. तो ५ सेकंद ठेवा. स्टेटमेंट_टाइमआउट मुळात बंद असतो. तो तुमच्या सगळ्यात लांब चालणाऱ्या क्वेरीपेक्षा थोडा जास्त ठेवा. ॲप्लिकेशन_नेम हे सेटिंगही भरा. सर्व्हरवर कोण काय करतंय ते बघताना दहा सारख्या ओळींमधून आपली ओळखता येते.

क्वेरीमध्ये बाहेरून आलेली किंमत स्ट्रिंग जोडून कधीही घालू नका. सायकोपीजीमध्ये किंमतीच्या जागी टक्केवारी-एस लिहायचं, त्याभोवती अवतरणचिन्हं द्यायची नाहीत, आणि किंमती वेगळ्या सोपवायच्या. पायथनची एफ-स्ट्रिंग इथे हाताशी असते आणि वापरायला सोपी वाटते, म्हणूनच ती धोक्याची.

आणखी एक, जे उशिरा लक्षात येतं. सायकोपीजी पहिल्या क्वेरीला आपोआप ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा कामांचा गट) सुरू करतं, नुसत्या सिलेक्टलासुद्धा. कमिट (पक्कं) किंवा रोलबॅक (रद्द) केलं नाही तर ते कनेक्शन सर्व्हरवर 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणून पडून राहतं, लॉक धरून ठेवतं आणि व्हॅक्यूमला जुन्या ओळी साफ करू देत नाही. विथ वापरून कनेक्शन उघडलं की तिसऱ्या आवृत्तीत शेवटी कमिट होऊन ते बंदही होतं. सायकोपीजी२ मध्ये त्याच विथमुळे फक्त ट्रान्झॅक्शन संपत असे, कनेक्शन उघडंच राहत असे. जुना कोड नव्या आवृत्तीवर आणताना हे बघून घ्या.

मायएस्क्यूएल असेल तर कनेक्शनचा कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ हाच ठेवा. नुसतं यूटीएफ८ म्हटलेला जुना प्रकार एका अक्षराला तीनच बाइट देतो. चार बाइटांची अक्षरं आणि इमोजी त्यात मावत नाहीत.

कनेक्शन पूल आणि त्याचं गणित

दूरच्या डेटाबेसला नवं कनेक्शन महाग पडतं. टीसीपीची ओळख, एसएसएलची विचारणा, टीएलएसची बोलणी आणि स्क्रॅमचे प्रश्नोत्तर मिळून पहिली क्वेरी जाण्याआधी सहाच्या आसपास फेऱ्या होतात. प्रत्येक विनंतीला नवं कनेक्शन उघडणारा प्रोग्राम बराचसा वेळ यातच घालवतो. म्हणून पूल: ठरावीक कनेक्शनं उघडी ठेवायची, लागेल तेव्हा घ्यायची, काम झालं की परत करायची.

पूल मोठा तितका चांगला, हा समज मात्र सोडून द्या. पोस्टग्रेसमध्ये एक कनेक्शन म्हणजे सर्व्हरवरची एक स्वतंत्र प्रोसेस. मॅक्स_कनेक्शन्स मुळात १०० असतं आणि त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखलेली. मायएस्क्यूएलमध्ये हा आकडा १५१. आता तुमचे ४ सर्व्हर आहेत, प्रत्येकावर ८ वर्कर (प्रोग्रामच्या विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) आणि प्रत्येक वर्करचा १० चा पूल, असं धरा. झाली ३२० कनेक्शनं. गर्दी नसताना सगळं ठीक दिसतं आणि गर्दीच्या वेळी 'टू मेनी क्लायंट्स' येतं. सगळ्या वर्करची बेरीज करून, वर मायग्रेशनसाठी आणि हाताने शिरण्यासाठी काही जागा सोडून मग पूलचा आकार ठरवा. एवढ्यातही भागत नसेल तर मध्ये पीजीबाउन्सर हा पूल सांभाळणारा वेगळा प्रोग्राम बसवा. त्याच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये सेशनपुरती सेटिंग्ज, लिसन आणि तात्पुरती टेबलं यांवर भिस्त ठेवता येत नाही, हे आधी तपासा.

वर्कर फोर्क होण्याआधी (मूळ प्रोसेसची नक्कल होऊन वेगळे होण्याआधी) कनेक्शन उघडू नका. एकच सॉकेट दोन प्रोसेसकडे गेलं की एकाचं उत्तर दुसऱ्याला मिळतं आणि असे दोष शोधताना जीव मेटाकुटीला येतो. पूल प्रत्येक वर्करमध्ये, फोर्क झाल्यावर बनवा.

अंतराची किंमत

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. डेटाबेस १००० किलोमीटरवर असेल तर एका फेरीला किमान १० मिलिसेकंद लागणारच, सर्व्हर कितीही वेगवान घ्या. यादीतल्या ३०० ओळींसाठी लूपमध्ये एकेक क्वेरी करणारा कोड एकाच मशीनवर असताना झटपट वाटत होता. आता त्याला नुसत्या ये-जा करण्यातच ३ सेकंद लागतात. इथे इंडेक्स वाढवून फरक पडत नाही, फेऱ्याच कमी कराव्या लागतात: जॉइन करा, आयडींची यादी एकदम द्या, इन्सर्ट एकगठ्ठा करा, भरपूर ओळी असतील तर पोस्टग्रेसची कॉपी ही कमांड वापरा. आणि शक्य असेल तर प्रोग्राम व डेटाबेस एकाच डेटासेंटरमध्ये ठेवा.

कनेक्शन तुटणारच, असं धरून लिहा

वाटेतले फायरवॉल आणि नॅट शांत पडलेली कनेक्शनं काही मिनिटांत विसरतात, आणि बऱ्याचदा दोन्ही टोकांना कळवतही नाहीत. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जागा होतो. तोवर पूलमधलं मेलेलं कनेक्शन जिवंतच समजलं जातं. कनेक्शनमध्ये कीपअलाइव्ह्ज_आयडल ६० च्या आसपास ठेवा, आणि पूलमध्ये कनेक्शन देण्याआधी तपासण्याची सोय असेल तर ती चालू करा. मायएस्क्यूएलचा सर्व्हर स्वतःही वेट_टाइमआउट उलटला की कनेक्शन तोडतो. मुळात तो २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास असतो. रात्रभर कोणी न वापरलेला प्रोग्राम सकाळच्या पहिल्या विनंतीला 'सर्व्हर हॅज गॉन अवे' म्हणतो तो यामुळेच. पूलमधल्या कनेक्शनचं आयुष्य या मर्यादेपेक्षा कमी ठेवा.

पुन्हा प्रयत्न करताना आधी कारण बघा. नेटवर्क तुटलं किंवा सर्व्हर रीस्टार्ट होत असेल तर थोडं थांबून, दर वेळी अंतर वाढवत आणि त्यात थोडी अनियमितता मिसळत पुन्हा जोडा, म्हणजे सगळे वर्कर एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. पासवर्ड चुकला किंवा परवानगी नाकारली गेली तर पुन्हा पुन्हा विचारून काही होत नाही. लगेच थांबा आणि मोठ्याने कळवा.

कमिट पाठवला आणि उत्तर येण्याआधी कनेक्शन तुटलं, ही सगळ्यात अवघड जागा. नोंद झाली की नाही हे प्रोग्रामला कळायचा मार्ग नसतो. डोळे झाकून पुन्हा पाठवलं तर एकाच्या दोन नोंदी होऊ शकतात, सोडून दिलं तर एकही नसेल. यावरचा उपाय कनेक्शनमध्ये नाही, टेबलमध्ये आहे. प्रत्येक व्यवहाराला प्रोग्रामनेच आधी एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) द्यायचा, त्या कॉलमवर युनिक बंधन ठेवायचं आणि इन्सर्टला 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' जोडायचं. मग तोच व्यवहार त्याच यूयूआयडीने कितीही वेळा पाठवला तरी नोंद एकच राहते.